कोपऱ्यातलं नाव

लातुरात गंजगोलाईच्या निम्म्या दुकानांच्या पाट्यांवर एकेकाळी उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘ताहेर’ असायचं. मग फ्लेक्स आले आणि ताहेर पेंटर कोपऱ्यातूनही गेला. माणूस मुळात एका जागी न बसणारा, त्यात रिकामा. घरच्यांच्या जिवाला नुसता घोर.

अशात सोमेश आला. अडत्याचा हा पोरगा बापाच्या गोदामात मित्र जमवून गिटार बडवायचा. त्यांच्या रॉक बँडचा अल्बम निघणार होता, नाव ‘धूळवाफ’, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत केलेली पेरणी. कव्हरवरची अक्षरं ताहेरनंच काढायची.

“कॉम्प्युटरचं नको, चाचा. हात दिसला पाहिजे.”

ताहेरनं पत्रा घेतला, दोरीनं खडूची रेघ मारली आणि ब्रश उचलला. दर अक्षरानंतर रस्ता ओलांडून पलीकडून बघायचा, येऊन पुसायचा. लांबून वाचता येत नाही ती पाटी कसली, हे त्याच्या हाडीमाशी भिनलेलं. शेवटी कोपऱ्यात नाव टाकलं तेव्हा त्याला इतका आनंद झाला की चहा गार झाला तरी कळलं नाही.

अल्बम आला तो थेट मोबाइलवर. चित्र नखाएवढं. ताहेरनं सवयीनं फोन ओट्यावर उभा केला आणि रस्त्यापलीकडे गेला. काही म्हणजे काही दिसेना. परत येऊन डोळ्यांशी धरला, तर ‘धूळवाफ’ होतं, ‘ताहेर’ नव्हतं. त्याचं डोकंच फिरलं. घरात वाढलेलं ताट तसंच सोडून त्यानं तडक गोदाम गाठलं.

“अक्षरं ठेवली अन् माझं नाव खाल्लं व्हय रे?”

सोमेशनं फोन घेतला आणि दोन बोटांनी चित्र ताणलं. अक्षरं मोठी झाली, कोपरा पुढे आला. नाव जागेवर होतं. पण त्याबरोबर ‘ळ’चं शेपूटही दिसलं, थरथरलेलं. रस्त्यापलीकडून ते कधीच दिसलं नसतं. ताहेरला भर दुपारी उघडं पडल्यासारखं झालं.

“हात हलला हाय,” तो म्हणाला. “काढून टाक. नवं करून देतो.”

“न्हाई चाचा. आमाला हेच पाहिजे होतं.”

ताहेरला ते पटलं नाही. घरी न जाता तो गंजगोलाईत महादेवप्पाच्या दुकानाशी आला. तिथं त्याच्या तरुणपणीची एक पाटी अजून टिकून होती. या वेळी त्यानं रस्ता ओलांडला नाही. महादेवप्पाकडून स्टूल मागून घेतलं, वर चढला आणि पाटीला नाक लागेल इतका जवळ गेला.

हात तिथंही हललेला होता.