शंभर आडनावांतलं एक

माझी मुलगी गेलं वर्षभर कोरियन शिकते आहे. तिचे शिक्षक सत्तरीचे, एकटेच राहतात, म्हणून एका रविवारी त्यांना इंग्लंडमधल्या रीडिंगच्या आमच्या घरी जेवायला बोलावलं. जेवताना तिनं एका चिनी अक्षराबद्दल विचारलं. कोरियनमध्ये अशी अक्षरं अजून अधूनमधून लागतात. त्यांनी पेपर नॅपकिनवर ते काढून दाखवलं. डावीकडे ‘स्त्री’, उजवीकडे ‘जन्म’, मिळून ‘आडनाव’. कोरियन उच्चार सॉंग. फार पूर्वी कूळ आईवरून ओळखत असावेत, म्हणून स्त्री. त्याआधी ‘शंभर’ जोडलं की बेक्सॉंग, म्हणजे सामान्य जनता. शंभर आडनावं.

“गंमत म्हणजे त्या जनतेत कित्येकांना आडनावच नव्हतं,” ते इंग्रजीत म्हणाले. “माझे पणजोबा गुलाम होते. सुटल्यावर त्यांनी मालकाचंच आडनाव लावलं. मीही तेच लावतो.”

माझा हात ताटातच राहिला. असलं काही हा माणूस परक्याच्या घरी, लोणच्याची फोड चोखत सांगत होता.

मुलगी खुलली. आमचंही तसंच, ती म्हणाली. आम्हालाही आडनाव नव्हतं, पणजोबांचं नाव तेच आता आडनाव. शिक्षकांनी टेबलावरून माझा हात हातात घेतला.

हे तिला मीच सांगितलं होतं, आणि ते खोटं होतं. आम्हाला आडनाव होतं. ते ऐकलं की मराठी माणसाला आमची जात कळायची. वडिलांनी नागपूरला दारावर तेच मोठ्या अक्षरांत लावलं होतं. इथल्या ऑफिसात मराठी मंडळी वाढली आणि मी रीतसर अर्ज करून ते काढून टाकलं. बुद्धविहारात स्वाभिमानावर भाषणं देणारा मी.

त्या हातात हात ठेवून गप्प बसवेना. मी सांगून टाकलं, कारणासकट. शिक्षकांनी हात हळूच काढून घेतला.

मुलगी माझ्याकडे वळली. त्यांना कळू नये म्हणून मोडक्या मराठीत म्हणाली, “बाबा, सरांकडे सरनेम नव्हती, तर त्यांनी घेतली. आपल्याकडे होती, ती तुम्ही फेकली?”

मी होकारार्थी मान हलवली.

“काय होती?”

मी सांगितलं. या घरात ते पहिल्यांदाच उच्चारलं गेलं. तिनं म्हणून पाहिलं. त्यात ळ आहे, तो तिला जमेना. ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, दर वेळी चुकत राहिली, आणि तिला दुरुस्त करायचं माझं धाडस झालं नाही.