द्या इकडे, अण्णा

मंगळवारी सकाळी साडेदहाला श्रीनिवासचा फोन आला. त्याचे वडील, मल्लेशम अण्णा, चहा घेताना गेले. मी शाळेच्या ग्रंथालयात होते. फोन ठेवला आणि समोरच्या पुस्तकावर क्रमांक घातला. दुपारी पाहिलं, तर तो क्रमांक आधीच्याच पुस्तकाचा होता.

आमची ओळख जेमतेम दीड वर्षाची. ते माझ्या नात्यातले नव्हते, शेजारचेही नव्हते. आम्ही वर्गमित्र होतो. हा शब्द आमच्या वयाला शोभत नाही, पण मला दुसरा सापडत नाही. मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होते आणि ते चौपन्नचे. सात रस्त्याजवळच्या एका गल्लीत, औषधांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं कम्युनिटी कॉलेज भरायचं. ज्यांचं शिक्षण मध्येच सुटलं, जे दिवसभर कामावर असतात, अशांसाठी संध्याकाळी पाच ते सात वर्ग. दहावी पास असलं की पुरे. वर्षाच्या शेवटी माहिती तंत्रज्ञानाची पदविका मिळते. मला ती हवी होती, कारण शाळेने ग्रंथालयाच्या नोंदी संगणकावर न्यायचं ठरवलं होतं आणि ‘बाईंना जमेल का?’ हा प्रश्न शिक्षकांच्या खोलीत माझ्यासमोरच विचारला गेला होता. अण्णांना ती हवी होती, कारण त्यांचं काम संपत आलं होतं.

ते चादरीच्या कारखान्यात कार्ड पंचिंग करायचे. सोलापुरी चादरीवर जे मोर आणि जी फुलं आपण पाहतो, ती मागाला आधी सांगावी लागतात. चौकटींच्या कागदावर नक्षी काढायची, तिची एकेक ओळ वाचायची आणि त्याप्रमाणे पुठ्ठ्याच्या पट्टीला भोकं पाडायची. अशा शेकडो पट्ट्या दोऱ्यांनी ओवल्या की त्यांची साखळी मागावर चढते. भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला राहतो. अण्णांनी हे पस्तीस वर्षं केलं. प्रत्येक ओळ ते दोनदा वाचायचे, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून, आणि मगच हात उचलायचे. “बाई, भोक एकदा पडलं की पडलं,” ते मला सांगायचे. “एक चुकलं तर सगळ्या चादरीवर मोराची मान वाकडी. मालक एकदा ओरडून गप बसतोय, पर त्यो मोर रोज बगतोय आपल्याकडं.” मालकाने आता डिझाईनसाठी संगणक घेतला होता. अण्णांना त्याने सांगून ठेवलं होतं, सर्टिफिकेट आणलंत तर डिझाईनच्या खोलीत बसवतो, नाहीतर चादरींच्या घड्या घालायला जावं लागेल. घड्या घालण्यात कमीपणा आहे असं अण्णा कधी म्हणाले नाहीत. एकदाच, जिना उतरताना, म्हणाले, “घडी घातली की नक्षी आत जाती, बाई. दिसत न्हाय.”

वर्गात बाकी सगळे वीस-बावीस वर्षांचे. पहिल्याच दिवशी ऐश्वर्या नावाच्या मुलीने त्यांना कॉलेजचे शिपाई समजून सांगितलं, “काका, फॅन लावा की जरा.” अण्णा उठले, फॅन लावला आणि येऊन तिच्याच बाकावर बसले. “लावला. आता शिकू की आपण दोगं.” वर्ग हसला, ती लाजली, आणि त्या दिवसापासून ते सगळ्यांचे अण्णा झाले. संगणक मात्र कमी होते, एकावर दोघांना बसावं लागे. सरांनी मला आणि अण्णांना सातव्या संगणकावर बसवलं. वयाला वय बरं, असं त्यांना वाटलं असावं.

प्रोग्राम लिहिणं मला सुरुवातीला अजिबात उमगत नव्हतं. मी पुस्तकांची माणूस, व्याख्या पाठ करायची. एकच काम संगणकाकडून पुन्हापुन्हा कसं करून घ्यायचं, त्याला ‘लूप’ म्हणतात, हे सरांनी दोन दिवस फळ्यावर शिकवलं आणि माझ्या वहीत फक्त बाण उतरले. तिसऱ्या दिवशी अण्णा हळूच म्हणाले, “बाई, हे आमचंच हाय की. बगा, साखळीतली शेवटची पट्टी पहिलीला बांधायची. एक फूल सपलं की पट्टी फिरून परत पहिल्यावर येतीय, परत फूल. किती फुलं पायजेत तेवढं मोजायचं आन माग थांबवायचा. थांबवायचं इसरलं तर कापड सपंपर्यंत फूलच फूल!” मला त्या क्षणी कळलं. पुढे वर्षभर मला जे काही कळलं, ते असंच, त्यांच्या चौकटीच्या कागदावर. घरून ते प्रोग्राम पेन्सिलीने लिहून आणायचे, एका चौकटीत एक अक्षर, आणि वर्गात बसून तो उलटसुलट वाचायचे. त्यात चूक सापडली असं मला आठवत नाही.

मग तो टाइप करायची वेळ यायची, आणि इथे मला थांबून लिहावं लागतं आहे...

अण्णा एका बोटाने टाइप करायचे. बोट हवेत धरायचे, कळ शोधायचे, सापडली तरी तिच्याकडे क्षणभर बघायचे, जणू तिच्याखाली पुठ्ठा आहे. चुकलं तर पुसता येतं, हे मी त्यांना कितीदा सांगितलं. ते मान हलवायचे, पण बोट तसंच हवेत. शेजारच्या संगणकांवरची मुलं केव्हाच पुढे गेलेली असायची. ऐश्वर्या मागून म्हणायची, “अण्णा, कीबोर्डला भोक पडत नाही हो, दाबा बिनधास्त!” अण्णा हसायचे. मला मात्र हसू यायचं नाही. सात वाजत आलेले असायचे, घरी स्वयंपाक व्हायचा असायचा, आणि मी म्हणायचे, “द्या इकडे, अण्णा.” ते लगेच हात मागे घ्यायचे. मी भराभर टाइप करायचे, प्रोग्राम चालायचा, सर म्हणायचे, “सात नंबर, शाबास.” अण्णा म्हणायचे, “डोकं माझं, हात बाईंचा. लई झकास जोडी हाय.” मला ते ऐकायला आवडायचं. मी त्यांना मदत करते आहे, असंच मला वर्षभर वाटत होतं. त्यांनी एकदाही कीबोर्ड परत मागितला नाही. मागायचा तो माझ्याकडून, आणि ते मला बाई म्हणत. शाळेतल्या बाईंच्या हातातली वस्तू कोण ओढून घेतं?

लेखी परीक्षेत अण्णांना माझ्यापेक्षा जास्त गुण मिळाले. प्रॅक्टिकलला मात्र प्रत्येकाला वेगळा संगणक होता. एक तास, एक प्रोग्राम. अण्णा माझ्या पुढच्या रांगेत, थोडे डावीकडे बसले होते. मला त्यांचा पडदा दिसत होता. पहिला अर्धा तास त्यांनी कागदावर लिहिण्यात आणि तो दोनदा वाचण्यात घालवला, नेहमीसारखा. मग टाइप करायला लागले. चौथ्या ओळीच्या शेवटी महिरपी कंस द्यायचा होता. तो कंस ज्या कळेवर असतो, तिच्यावर चौकोनी कंसही असतो. नुसती कळ दाबली तर चौकोनी येतो. महिरपी हवा असेल तर दुसऱ्या हाताने शिफ्टची कळ धरून ठेवावी लागते. हे आमच्या वर्गात सगळ्यांना पहिल्या आठवड्यात ठाऊक झालं होतं. अण्णांना माहीत नव्हतं. वर्षभर तो कंस मी देत आले होते. त्यांनी कळ दाबली, चौकोनी कंस आला. त्यांनी तो नीट पुसला. पुन्हा कळेकडे पाहिलं; चिन्ह तर तिथे होतं. पुन्हा दाबली. पुन्हा चौकोनी. तोही पुसला. मग त्यांनी हात मांडीवर ठेवले. चुकीचं भोक पाडायचं नाही, म्हणून ते तसेच बसून राहिले. माझा प्रोग्राम झाला होता, त्यांनीच शिकवलेल्या लूपसकट. परीक्षा होती, मला बोलता येत नव्हतं... वीस मिनिटं मी त्यांच्या पाठीकडे बघत होते.

ते नापास झाले. निकालाच्या दिवशी खाली टपरीवर चहा घेताना म्हणाले, “चार ओळी झाल्या, बाई. पर एक बी चुकी न्हाय. सरांस्नी इचारा.” मी म्हटलं, “अण्णा, माझ्यामुळे झालं हे.” त्यांनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. “तुमच्यामुळं कशाला? मी आळशी. दुसऱ्याच्या हातानं जेवलो वर्षभर.” मग त्यांनीच विचारलं, “फेरपरीक्षा हाय म्हणं. मालक तंवर थांबतो म्हणलाय. तुमच्या शाळंत संगणक आलाय न्हवं? सुट्टीच्या दिवशी यिऊन बसलो हात बसवायला, तर चालंल?” मी म्हणाले, चालेल की, अवश्य या.

त्यानंतर त्यांचे दोन फोन आले. पहिल्यांदा शाळेत पुस्तकांची वार्षिक पडताळणी चालू होती. मी सांगितलं, पुढच्या आठवड्यात या. दुसऱ्यांदाही ती संपली नव्हती, आणि खरं सांगायचं तर मुख्याध्यापकांना विचारायचा मला संकोच वाटत होता. कुणाला आणता, कशासाठी, असे प्रश्न आले असते. मी पुन्हा म्हणाले, पुढच्या आठवड्यात. अण्णा म्हणाले, “असू द्या की, सवडीनं.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, हे मी स्वतःला सांगते. तिसरा फोन श्रीनिवासचा आला.

दहाव्यानंतर मी त्यांच्या घरी गेले. पूर्व भागातलं, गल्लीच्या टोकाचं दोन खोल्यांचं घर. श्रीनिवास पुण्याच्या कंपनीतून रजा काढून आला होता. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. विड्या वळायचं सूप आणि पानं कोपऱ्यात झाकून ठेवलेली. त्या मला कधी भेटल्या नव्हत्या, पण नाव सांगताच म्हणाल्या, “सात नंबरच्या बाई न्हवं तुमी? बसा अक्का.” मग मुलाला तेलुगूत काहीतरी म्हणाल्या. त्याने कपाटावरून टॉवेलमध्ये गुंडाळलेली वस्तू आणून माझ्यासमोर ठेवली. जुन्या बाजारातून आणलेला कीबोर्ड होता. त्याची वायर गुंडाळून सुताने बांधली होती, साखळीच्या पट्ट्या बांधतात तशा गाठीने.

मी विचारलं, “घरी संगणक घेतला होता?”

“कुटला संगणक?” वहिनी म्हणाल्या. “नुसतं हेच. रोज सांजच्याला हितं बसून टकटक, टकटक. मी म्हणलं, अवो, दिवा तरी लागतोय का त्येला? तर म्हणले, दिवा कशाला पायजे, बोटं चालली म्हंजी झालं. गल्लीतली म्हणायची, अण्णाला येड लागलं काय की.” त्या हसल्या आणि तसंच हसताहसता त्यांनी पदर तोंडाला लावला. थोड्या वेळाने म्हणाल्या, “एक पोरगी आलती एकदा. त्येंच्या वर्गातली, ऐश्वर्या. रस्त्यात भेटली म्हणून घिऊन आले. धा मिंटं बसली आसंल. कायतरी दावून गेली. मग लई खूश हुते त्या दिवशी.”

दहा मिनिटं. मी कीबोर्ड उचलला.

कीबोर्डच्या खाली चौकटींचे कागद होते, बरेच. आधी मला वाटलं, नेहमीचे प्रोग्राम. मग लक्षात आलं. समोर पडदा नव्हता, म्हणून ते कळ दाबायचे आणि पडद्यावर जे उमटलं असतं ते पेन्सिलीने कागदावर लिहायचे. कळ, मग चौकट. कळ, मग चौकट. प्रत्येक कागदावर वर डाव्या कोपऱ्यात सुरू केल्याची वेळ आणि खाली संपल्याची. पहिल्या कागदाला एक तास आणि वर काही मिनिटं लागली होती. पुढे ती वेळ कमी होत गेली होती. कीबोर्डवरच्या शिफ्टच्या कळेवर पुठ्ठ्याचा एक लहान गोल तुकडा चिकटवलेला होता. भोक पाडल्यावर जो खाली पडतो, आणि जो संध्याकाळी झाडून टाकतात, तो.

शेवटच्या कागदावर सोमवारची, ते गेले त्याच्या आदल्या दिवसाची, तारीख होती. प्रोग्राम पूर्ण होता. महिरपी कंस उघडलेला आणि बंद केलेला. सातव्या ओळीत एक अक्षर चुकलं होतं. त्यावर एक आडवी रेघ मारून पुढच्या चौकटीत बरोबर अक्षर लिहिलं होतं, आणि तिथे न थांबता ओळ पुढे गेली होती. त्यांच्या हातची चूक मी पहिल्यांदा पाहिली. खालची वेळ पाहिली. सगळं धरून बेचाळीस मिनिटं; परीक्षेला तास असतो.

म्हणजे ते पास झाले असते. फेरपरीक्षा त्याच्या पुढच्याच सोमवारी होती. मी हे बऱ्याच रात्री मनात मांडून पाहिलं आहे. कधी वाटतं, माझ्या हाताने जे अडलं ते त्यांनी सोडवलं, आता मन हलकं व्हायला हवं. तसं होत नाही. त्यांना माझी गरज उरली नव्हती ही गोष्ट खरी. पण गरज होती तेव्हा मी पुढचा आठवडा म्हणाले, ही त्याच्याआधीची आहे. निघताना वहिनींनी कीबोर्ड पुन्हा टॉवेलमध्ये गुंडाळून माझ्या हातात दिला. मी नको म्हणत होते. “न्या अक्का,” त्या म्हणाल्या. “हितं त्याचं काय करायचं? आमाला कुटं येतंय.”

आता शाळेचं ग्रंथालय संगणकावर आहे. नव्या वर्षापासून मुलं पुस्तकं स्वतः शोधतात. पाचवीतली मुलं एका बोटाने नाव टाइप करतात, कळ शोधतात, रांग लागते, मागचे ओरडतात, तासाची घंटा होते. मी खुर्चीत बसून असते. माझे हात टेबलाखाली असतात. अण्णांचा कीबोर्ड त्याच टेबलावर, खिडकीकडच्या बाजूला आहे. त्याची वायर मी सोडलेली नाही. तो कशालाही जोडलेला नाही.