कफीलच्या वर कोण?

माझे वडील गावात ग्रामपंचायतीचे मेंबर होते. सकाळपासून पडवीत माणसं बसलेली असायची. कुणाच्या बांधाचं भांडण, कुणाच्या नळाला पाणी नाही. मेंबरकडून जमलं नाही तर सरपंच, तिथंही अडलं तर सभापती, मग आमदार. सरकार म्हणजे पायऱ्या, हे मी शाळेच्या आधी घरातच शिकलो. एका पायरीवरून हाकललं तर वरच्या पायरीवर जाऊन बोंब मारायची.

पुढे कुवेतला आलो आणि अर्दिया भागातल्या एका कंपनीत एसी दुरुस्त करू लागलो. तिथंही पार्लमेंट होतं, मंत्री होते, सगळ्यांच्या वर अमीर. पण ते सगळं रस्त्यावरच्या फलकांवर दिसायचं तेवढंच. आमच्यासाठी कंपनीचा मालक, म्हणजे आमचा कफील, हाच मंत्री आणि हाच कोर्ट. व्हिसा त्याच्या नावावर, पासपोर्ट त्याच्या तिजोरीत.

एका उन्हाळ्यात भावाचा फोन आला. वडील रत्नागिरीला दवाखान्यात होते आणि मुलांना बोलावून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी ऑफिसात धावलो. कंपनीची कागदपत्रं बघणारा मंदूब मान वर न करता म्हणाला, ऐन सीझन आहे, कफील कुणालाच सोडत नाही. "इंशाल्ला, बुकरा." बुकरा म्हणजे उद्या, आणि तो रोज नवा असायचा. मी चिडायचो, हात जोडायचो, पुन्हा चिडायचो. भिंतीशी बोलल्यासारखं होतं सगळं.

त्याच दिवसांत निवडणूक आली. बायकांना नुकताच मताचा हक्क मिळाला होता, म्हणून उमेदवार त्यांच्यासाठी वेगळे तंबू उभारत होते आणि आमचं काम दुप्पट झालं होतं. एका तंबूत मी एसी बसवत असताना उमेदवार आत भाषण ठोकत होता. अरबी मला बेताचंच यायचं, पण "हुकूक, हुकूक" कळत होतं. हक्कांबद्दलच बोलत होता. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. निवडणुकीच्या तोंडावर उमेदवार कुणाला नाही म्हणतो का? आमच्याकडे तर त्या दिवसांत तो शेणाने भरलेला हातसुद्धा हातात घेतो.

माझ्या खोलीत राजापूरचा एक ड्रायव्हर राहायचा, बरीच वर्षं कुवेतमध्ये मुरलेला. त्याला बेत सांगितला तर तो म्हणाला, "खुळा की काय तू? मत हाय काय तुला? मत नाय, तर तू कोण त्याचा?" मी ऐकलं नाही. मेंबरचा मुलगा ना मी!

संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तंबूत गेलो. उमेदवाराने मला चक्क शेजारी बसवलं, कडू कॉफी दिली. वयस्कर माणूस, मोडकंतोडकं हिंदी बोलायचा. वडिलांचं ऐकून त्याने हळहळत मान हलवली आणि विचारलं, "कफील कौन?" मी नाव सांगितलं. "अरे, वो तो अपना भाई है!" त्याने तिथल्या तिथे फोन लावला. दोघं बराच वेळ हसत बोलले. मला वाटलं, झालं काम.

सकाळी मंदूबने मला बाजूला घेऊन सुनावलं. घरातली गोष्ट मी परक्याच्या तंबूत, चार लोकांत नेली होती. कफीलला मान खाली घालावी लागली. आता त्याच्यासमोर माझं नाव काढायचीही सोय उरली नव्हती. दोघं एकाच दिवाणखान्यात बसणारे, आणि मी एकाची तक्रार दुसऱ्याकडे घेऊन गेलो होतो.

मग एका दुपारी भावाचा फोन आला. वडील पहाटेच गेले होते आणि त्याने अग्नीही दिला होता.

त्या संध्याकाळी कफील स्वतः आमच्या खोलीवर आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. चपला दाराबाहेर काढून माझ्या कॉटवर बसला, माझा हात हातात धरून दुआ पुटपुटला. कुणाकडे मयत झालं की भेटायला जायचंच, ही त्यांची रीत, आणि त्याने ती मनापासून पाळली. मला त्याच्यावर ओरडायचं होतं. पण त्याचे डोळे भरून आले होते, आणि ओरडावं तरी कुणावर, तेच मला कळेना. उठताना त्याने खिशातून माझा पासपोर्ट काढून पुढे केला. आत दुसऱ्या दिवशीचं तिकीट होतं.

मी तो दोन्ही हातांनी घेतला आणि आभार मानत शुक्रन म्हणालो.