भावाचं नाव यादीतून उतरलं तेव्हा

ऑफिसात तिला सगळे गोचीड म्हणत, आणि तिला त्याचं वाईट वाटत नसे. उलट साहेबांनी पाहुण्यांसमोर तसं म्हटलं की ती गालात हसायची. काम होतंच तसं चिकटून बसण्याचं.

हिपॅटायटिस सी हा भलता लबाड आजार. वीस-वीस वर्षं अंगात मुक्काम ठोकतो आणि हूं की चूं करत नाही. कळतो तेव्हा लिव्हरचं वाटोळं झालेलं असतं. वेळेत धरला तर तीन महिन्यांच्या गोळ्यांनी जातो. म्हणून आरोग्य खात्याच्या कॉम्प्युटरवर रोज सकाळी यादी यायची: पहिली तपासणी पॉझिटिव्ह, दुसरी अजून केलेली नाही. या लोकांना फोन करून करून दुसऱ्या तपासणीला आणायचं, हे तिचं काम. शिव्या खायची आणि दुपारी पुन्हा तोच नंबर लावायची. तरी दाद दिली नाही तर नर्स थेट दारात. "तुमच्या फोनला कंटाळून आलो बघा, बाई," असं कुरकुरत माणसं यायची आणि बरी होऊन जायची. पंधरा वर्षांत चारशेच्या वर माणसं तिने अशी ओढून आणली.

नऊ वर्षांपूर्वी एका सकाळी त्या यादीत धाकट्या भावाचं नाव आलं. लहानपणी तो ट्रकखाली आला होता, तेव्हा बाटल्यांवर बाटल्या रक्त चढवलं होतं. आजार तिथूनच आला असणार. कारखान्यातल्या शिबिरात त्याने रक्त दिलं आणि तपासणीत तो पकडला गेला.

तिने त्याला फोन केला. तो म्हणाला, "ताई, लग्न तीन आठवड्यांवर आलंय. तुमची नर्स दारात उभी राहिली तर गल्लीभर बोभाटा होईल. तेवढं माझं नाव काढ. लग्न झालं की मी आपणहून येतो, तुझी शपथ."

नाव काढता येत नव्हतं. पण नावापुढे 'पत्त्यावर सापडत नाही' असं लिहिलं की ते रोजच्या यादीतून उतरायचं, आणि मग त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नसे. ज्या घरात तिने त्याला कडेवर घेऊन भरवलं, त्याच पत्त्यावर तो सापडत नाही, असं तिने लिहिलं.

लग्न झालं. मग पुढच्या आठवड्यात, मग मुलगी झाल्यावर, मग नवी नोकरी लागल्यावर. "अगं, घोडा आहे मी घोडा," म्हणायचा. एकदा तिने विषय काढला तर भरल्या ताटावरून उठला. तो घरी यायचाच बंद होईल या धास्तीने तिने बोलणं सोडलं. परक्या लोकांची हिने कधी भीड धरली नाही हो, आणि सख्ख्या भावाची धरली! भीड भिकेची बहीण, हे काय उगाच म्हणतात?

या वर्षी त्याचं पोट फुगलं, डोळे पिवळे झाले. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, लिव्हर संपलंय, त्यात गाठही आहे, फार तर दोन महिने.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर ती आणि भावजय बसल्या होत्या. भावजयीचा आणि मुलीचा रिपोर्ट स्वच्छ आला होता. तो कागद भावजयीने मांडीवर धरला होता.

"वन्सं," ती हळूच म्हणाली, "तुम्ही तर कुठल्या कुठल्या लोकांना हुडकून काढता. ह्यांचं नाव कसं नव्हतं हो तुमच्याकडे?"

नव्हतं म्हणाली असती तर निभावलं असतं. पडताळून पाहणारं कुणी नव्हतं.

"होतं," ती म्हणाली. "मी काढलं. लग्न मोडू नये म्हणून."

"आमच्या लग्नाच्या आधी?"

"तीन आठवडे आधी."

भावजय कागदाची घडी घालत राहिली. तेवढ्यात आतून भावाचा खोल गेलेला आवाज आला, "ताई आली का गं?"

ती उठायला गेली. भावजयीने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं आणि एकटी आत गेली.

"नाही आल्या अजून," ती आत म्हणाली, ते बाहेर स्वच्छ ऐकू आलं.