नर्मदाबाईंनी उचललेला बेल

औंढ्याला नागनाथाच्या देवळाकडे जाताना डाव्या हाताला नर्मदाबाईंचं प्रसादाचं दुकान आहे. नवरा गेल्यावर त्यांनी ते एकटीनं चालवलं. मुलगा विश्वंभर हाताशी आला, तरी बैठकीवर त्याच बसत. मधुमेह जुना. पेढे-बत्तासे दिवसभर हाताखाली असत, पण कण तोंडात टाकायच्या नाहीत. गोळी चुकवत नसत, चहाही बिनसाखरेचा. तरी तपासणीत साखर चढलेलीच.

मागच्या वर्षी विश्वंभर चिडला. "आई, खरं सांग, पेढे खाऊन राहिलीस ना?"

"न्हाई रे. दात दुखतेत. भाकर बी कुस्करून खाते मी."

"मंग साखर काय वाऱ्यानं येती?"

"मांजर डोळे मिटूनच दूध पितं," सून मंजुषा आतून म्हणाली.

नर्मदाबाईंनी पूजेच्या ताटातला बेल आणि भंडारा तळहातावर घेतला. "नागनाथाची आन. पेढ्याला जीभ लावली न्हाई."

आमच्याकडे बेलभंडारा उचलल्यावर पुढं कुणी विचारत नाही. विश्वंभरनंही तो विषय सोडला. पण पुढच्या तपासणीत साखर आणखी वाढली. भर गिऱ्हाइकांत तो म्हणाला, "देवालाबी फसवलंस!" आणि त्यानं आईला बैठकीवरून उठवलं. तेव्हापासून त्या घरी बसून वाती वळू लागल्या.

रोज दातांना तंबाखूची मिश्री घासताना त्यांच्या हिरड्यांतून रक्त येई. वाईट रक्त जातं, बरंच असतं, असं सासूनं सांगितलेलं. त्यामुळे ते कुणाला सांगावं असं त्यांना कधी वाटलंच नाही.

दिवाळीनंतर गाल सुजला, तेव्हा विश्वंभर त्यांना हिंगोलीला दातांच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी हिरडी दाबली तर पू आला.

"आजी, मिश्री बंद. साखरेनं हिरड्या सडतात, आणि हिरड्या सडल्या की साखरही आटोक्यात राहत नाही."

"गोड न खाता?" विश्वंभरनं विचारलं.

"न खाताही."

हिरड्या साफ झाल्या, हलणारा एक दात काढला. मिश्री सोडताना नर्मदाबाईंचा जीव कासावीस झाला, पण सोडली. गोळ्या चालूच होत्या. पुढच्या तपासणीत साखर बरीच उतरली.

विश्वंभर कागद घेऊन घरी आला. "आई, चल दुकानात. तुझी बैठक तुझी."

त्या वात वळत राहिल्या. "डाक्टरीणबाईनं सांगितलं तवा पटलं व्हय? म्या बेल उचलला तवा काहून न्हाई पटलं?"

"चुकलं माझं. गिऱ्हाइकं तुला पुसून राहिले."

"त्यायला सांग, म्हातारी देवासमोर खोटं बोलती. तूच सांगितलंस ना चारचौघांत?"

मंजुषानं चहा आणून ठेवला. तो त्यांनी घेतला. घरात त्या कुणाशी भांडल्या नाहीत, अबोलाही धरला नाही. फक्त सोमवारी देवळात जाताना दुकानावरून जाणारा सरळ रस्ता सोडून आता त्या मागच्या गल्लीनं जातात.