वास न घेतलेली फुलं

मंडळी, आज सकाळी माझी आई परत शेजाऱ्यांच्या लॉनवर! तिला इथे अमेरिकेत, ट्रॉयला येऊन महिना झाला, तरी देवाला फुलं दुसऱ्याच्या अंगणातून आणायची सवय काही सुटत नाही.

मी सॉरी म्हणायला धावलो, तर शेजारच्या लिंडा आजी खूश. आईच्या हातात शेवंतीसारखी छोटी पांढरी फुलं होती. "वाइल्ड कॅमोमाइल! चहासाठी ना? पण अगदी अशीच दिसणारी दुसरी फुलं असतात. चुरडून वास घ्यायचा. सफरचंदासारखा आला तरच चहात टाकायची."

असं म्हणत तिने चुरडलेलं फूल आईच्या नाकाशी धरलं. आई दचकून मागे सरकली. लिंडाचा चेहराच पडला.

मी घाईघाईने समजावलं, की देवाला वाहायच्या फुलांचा आम्ही आधी वास घेत नाही. "ओह," म्हणून ती आत गेली.

आई दिवसभर हळहळत होती. "एकटीच असते रे ती. किती प्रेमाने दाखवत होती."

संध्याकाळी बेल वाजली. दारात लिंडा. फुलांचा बाऊल लांब धरलेला, मान पार दुसरीकडे वळवलेली. "लवकर घे! अजिबात वास घेतलेला नाही!"

आईने फुलं देवाला वाहिली. एक मात्र मागे ठेवलं, लिंडासमोर चुरडलं आणि डोळे मिटून दीर्घ वास घेतला.

"अगंबाई, सफरचंद!"

आता दोघी किचनमध्ये चहा करतायत. ट्रान्सलेट करायला गेलो, तर आईने मला बाहेर काढलं.

तुमच्या आईची इथे कोणाशी गट्टी जमली?