एकाच ढिगातला झेंडू

झेंडूचा उग्र, हिरवट वास आला की नव्वदच्या दशकातली, दसऱ्याच्या आदल्या दिवशीची एक सकाळ मला आठवते. आमच्या वाडीचे दहा-बारा शेतकरी नाशिकच्या फुलबाजारात गोण्या घेऊन उभे होते आणि व्यापाऱ्याने भाव निम्म्यावर आणला होता. "पटत नसेल तर परत न्या," तो म्हणाला. त्या भावाने कुणालाच विकायचं नव्हतं, पण शेजारचा विकून मोकळा होईल आणि आपलाच माल पडून राहील, या धास्तीने जो तो दुसऱ्याकडे चोरून बघत होता. शेवटी माझे वडीलच त्या भावाने माल देण्यासाठी गोणी उचलायला वाकले. तेवढ्यात माझ्या आत्याने ती गोणी ओढली, तिचं तोंड सोडलं आणि सगळी फुलं ताडपत्रीवर ओतली. "कुणाच्या किती गोण्या ते समद्यांना ठाऊक हाय, पैसं त्याच हिशेबानं वाटू. ओता हितं! मग कुणाचं फूल कोणतं ते कुणालाच कळायचं नाय. इकायचं तर समद्यांनी मिळून!" मग शेजारच्या काकांनी आपली गोणी ओतली आणि पाठोपाठ धडाधड सगळ्यांनी. केशरी ढीग माझ्या कमरेपर्यंत आला. ऊन चढलं, हारवाले फुलांसाठी व्यापाऱ्याच्या मागे लागले, आणि शेवटी तो स्वतःच ताडपत्रीपाशी आला. "मावशी, कालचा भाव देतो." आत्या म्हणाली, "कालचा काल गेला. आज सणाचा भाव." त्याने मान डोलावली आणि आमच्या लोकांनी एकच आरोळी ठोकली. टेम्पोतून परतताना वडील आत्याकडे बघून लहान मुलासारखे हसत होते. आज मी तिच्या तेव्हाच्या वयाची झाले आहे, आणि सगळ्यांच्या आधी आपली गोणी ओतायला केवढी छाती लागते, ते मला आता कळतं.